उकडलेला बटाटा आणि चमचाभर पाणी

एका गावात एक शाळा होती. तिची सगळी प्रयोगशाळा एका कपाटात मावत असे. विज्ञान शिकवणाऱ्या मोहिते बाईंना त्याचे काही वाटत नसे. कपाटात नसेल ते मुलांच्या स्वयंपाकघरात सापडते, असे त्या म्हणत.

एकदा आठवीच्या वर्गाला परासरण शिकवायचे होते. बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिले: ‘जिवंत पेशींमधून पाणी साखरेकडे जाते.’ मग त्यांनी प्रत्येकाला घरून एक बटाटा आणायला सांगितला. खालची साल काढायची, वरून कोरून वाटी करायची आणि तिच्यात साखरेचे पाणी भरायचे. पाणी जिथवर येईल तिथे टाचणी खोचायची आणि बटाटा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ताटलीतले पाणी बटाट्याच्या अंगातून वाटीत आलेले असते आणि वाटीतले पाणी टाचणीच्या वर चढलेले असते. ज्याचा प्रयोग चांगला उतरेल, त्याने तो तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचा, असेही बाईंनी सांगितले.

वर्गात तृप्ती नावाची मुलगी होती. दर वर्षी प्रदर्शनाला दुसरेच कुणी जाई आणि तृप्ती त्यांच्या सामानाला दोरी बांधून देई. या वर्षी तिला स्वतःला जायचे होते. ती हे कुणाला बोलली नव्हती, पण तिच्या मनात दुसरे काही नव्हते.

बटाटा न्यायच्या दिवशी नेमकी संकष्टी चतुर्थी होती. आईने उपासाच्या भाजीसाठी घरातले सगळे बटाटे सकाळीच उकडून ठेवले होते. तृप्तीने त्यांतलाच एक उचलला. उकडलेला कोरायलाही सोपा जाईल, असे तिला वाटले.

शेजारी बसणाऱ्या शबाना मुलाणीने तो दाबून पाहिला.

“प्रयोग करायचाय की भाजी?” तिने विचारले.

तृप्तीने ते हसण्यावारी नेले. सगळ्यांचे बटाटे खिडकीखाली ओळीने ठेवले गेले.

दुसऱ्या दिवशी वर्ग झाडायची पाळी तृप्तीची होती. ती सगळ्यांच्या आधी आली आणि थेट खिडकीकडे गेली. सगळ्यांच्या वाट्या भरल्या होत्या. शबानाची तर सांडायच्या बेतात होती. तृप्तीच्या बटाट्यात मात्र पाणी टाचणीच्याही खाली गेले होते.

ती खूप वेळ बघत राहिली. मग तिने माठातून चमचाभर पाणी घेतले आणि वाटीत ओतले. पाणी टाचणीच्या वर आले. तिने चमचा पुसून ठेवला आणि झाडू हातात घेतला.

तास सुरू झाला. बाई एकेक बटाटा बघत आल्या आणि तृप्तीच्या बटाट्यापाशी थांबल्या. त्यांनी तो बोटाने दाबला.

“हा उकडलेला आहे का गं?”

“हो बाई. काल चतुर्थी होती.”

“दाण्याचं कूट घातलंय का तेही विचारा, बाई,” मागून कुणीतरी म्हणाले. वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. त्या वाकून एकदा टाचणीकडे आणि एकदा पाण्याकडे बघत होत्या. त्यांनी तृप्तीला विचारले, की याला कुणी हात तर लावला नाही ना. तृप्तीने मान हलवून नाही म्हटले.

बाईंनी बराच विचार केला. मग त्या वर्गाला म्हणाल्या, की उकडल्यावर पेशी मरतात आणि मग पाणी चढत नाही, असे त्या आजवर शिकवत आल्या होत्या. पण समोर दिसते आहे त्याला नाही कसे म्हणायचे?

“माझंच चुकत असेल,” त्या म्हणाल्या. “हा बटाटा तालुक्याला जाईल. तृप्ती, तूच मांड.”

सगळा वर्ग तृप्तीकडे वळून बघू लागला. तिला हवे होते ते तिला मिळाले होते.

बाईंनी डस्टर घेतले आणि त्या फळ्याकडे वळल्या. पहिल्या दिवशीचे वाक्य अजून तिथेच होते. त्यांनी ‘जिवंत’ या शब्दावरून डस्टर फिरवले. शब्द पुसट झाला. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता की लाज नव्हती. चूक झाली असे वाटले, म्हणून त्या आपले शिकवणे आपल्याच हाताने पुसत होत्या. तृप्तीला ते बघवेना. ती उभी राहिली.

“बाई, तो शब्द पुसू नका.”

बाईंचा हात थांबला.

“पाणी चढलं नव्हतं. सकाळी मी ओतलं.”

या वेळी कुणी हसले नाही. बाईंनी खडू घेतला आणि पुसट झालेला शब्द पुन्हा ठळक केला. मग त्या तृप्तीकडे वळल्या.

“तुझा बटाटा बरोबर सांगत होता,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तू त्याच्या तोंडी खोटं घातलंस.”

तृप्तीने खालच्या मानेने विचारले, “मग मी जाणार नाही ना?”

“नाही. शबाना जाईल.”

तृप्ती खाली बसली. थोड्या वेळाने शबाना उठली. ती बाईंना म्हणाली, की तिला एक कच्चा आणि एक उकडलेला, असे दोन्ही बटाटे न्यायचे आहेत. “नुसता कच्चा बघून कुणाला काय कळणार? तृप्तीचा शेजारी असला तर कळेल.”

बाईंना ते पटले. त्याच दिवशी दोन्ही बटाटे नव्याने मांडले. दुसऱ्या दिवशी बाईंनी पाणी बघायला तृप्तीलाच पुढे बोलावले. कच्च्या बटाट्याची वाटी काठोकाठ भरली होती. तृप्ती उकडलेल्या बटाट्यावर वाकली. पाणी टाचणीच्या खाली होते. तिने कशालाही हात लावला नाही.

“चढलं नाही, बाई,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली.

तात्पर्य: न उतरलेला प्रयोग खरा सांगितला तर तोही शिकवून जातो, पण खोटा उतरवला तर आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचे खरे ज्ञानही पुसले जाते.