बेलभंडाऱ्याविना साक्ष

बांधावरचं आंब्याचं झाड हौसाबाईचं की कोंडाबाईचं, यावरून खंडोबाच्या देवळात पंचायत बसली. झाड कुणी लावलं हे पाहिलेला माणूस एकच, केरबा. पण सर्जेराव पाटील गरजले, "हा देव मानत नाही, बेलभंडारा उचलून शपथ घेत नाही. याची साक्ष चालायची नाही!"

केरबा जायला उठला.

"बस रे," हौसाबाई म्हणाली. "पाटील, आम्ही देवाच्या भीतीनं खरं बोलतो. हा आजवर कधी खोटं बोलला नाही, तो कुणाच्या भीतीनं, तेवढं सांगा."

पाटलांनी केरबाकडे हात केला. "बोल बाबा," ते पुटपुटले.

"झाड कोंडाबाईचं," केरबानं हौसाबाईपुढं मान खाली घातली. "वाईट वाटलं असेल तर माफ कर, मावशी."

हौसाबाईनं डोळे पुसले आणि प्रसादाचं खोबरं त्याच्या हातावर ठेवलं. "देवाचं नको तर मावशीचं म्हणून खा."