पाळकाची डावी चप्पल

“पवित्र शास्त्रात कुठं लिहिलंय हे, बाई? एक ओळ दाखवा. एकच!”

सगुणाबाईंनी घेवड्याची शेंग मोडली, शीर ओढून काढली आणि दाणे ताटलीत टाकले.

“आधी टेक बघू. वर बघून माझी मान अवघडली. बाहेर असशील पाळकसाहेब, इथं नथूच आहेस.”

पाळक नथनिएल उजागरे मुकाट्यानं सतरंजीवर बसला. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात त्याला हात जोडायला शिकवलं ते याच बाईंनी. उभा जन्म त्या गावोगाव शास्त्र सांगत हिंडल्या होत्या. आता हिंडणं सरलं होतं.

“चहा टाकते तुझ्यापुरता. माझा उपास आहे.”

“आज कसला उपास?”

“देवाकडं मागणं आहे एक.”

“नको चहा.” त्यानं हातातली कापडी पिशवी मांडीशी ओढून घेतली. पिशवीत त्याच्या चपला होत्या. त्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवायची आता त्याची छाती होत नव्हती.

या गावच्या चर्चची एक जुनी रीत होती. लोक पायातलं ओट्यावर काढत आणि आत जाऊन बसत. पाळकाच्या चपलांची जागा ठरलेली, पहिल्या पायरीशी. पाळकाचं काही चुकलंय असं ज्याला वाटे, त्यानं गुपचूप त्याची डावी चप्पल पालथी घालायची. मग पाळक त्या दिवशी उपदेशाला उभा राहत नसे. उपासना दुसरं कुणी चालवी, आणि पाळक घरोघर जाऊन विचारी, ‘माझं काय चुकलं?’

नथनिएलला इथं येऊन वर्ष होत आलं होतं. गेल्या रविवारी उपदेशाआधी तो ओट्यावर आला, तेव्हा त्याची डावी चप्पल पालथी पडलेली होती. त्यानं ती पायाच्या अंगठ्यानं सरळ केली, आत गेला आणि भरभरून उपदेश केला.

शेवटी ‘आमेन’ म्हटलं. मागून कुणीच म्हटलं नाही.

तेव्हापासून त्याला ना अन्न गोड लागत होतं, ना झोप.

“चप्पल पालथी पडली की घरात भांडण होतं, असं आपले आजेपणजे मानायचे,” तो म्हणाला. “प्रभूकडे आले तेव्हा ते खूळही बोचक्यात बांधून आणलं त्यांनी. आणि तुम्ही लोकांनी त्याला थेट चर्चच्या पायरीवर बसवलं!”

“बोचक्यात होतं ते आणलं रे. रिकाम्या हातानं कसं यायचं?”

“ही माणसांची परंपरा आहे, बाई. मी वचनाला बांधलेला आहे. चपलेला नाही.”

“खरं आहे...” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी वचन कोणतं घेतलं होतंस?”

नथनिएल पिशवीचे बंद चाळू लागला.

“सांग की. म्हातारपणी ध्यानात राहत नाही माझ्या.”

“...समेटाचं. देवाला अर्पण वाहण्याआधी भावाशी समेट करण्याचं.”

“छान वचन आहे,” बाई म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

त्याचे कान तापले. पण आलेलं काम सांगणं भाग होतं.

“परवा प्रभुभोजन आहे. मंडळीत सगळ्यांत जुन्या तुम्ही. तुम्ही उठून एवढंच म्हणा, ही रीत आजपासून बंद. तुमचा शब्द कुणी मोडायचं नाही. नाहीतर मी भाकर मोडून उभा राहीन आणि घ्यायला एक हात पुढं येणार नाही.”

“म्हणेन की.”

इतक्या सहज होकार मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“पण ज्यानं चप्पल फिरवली त्याचं आधी मिटवून टाक. कोण असेल रे?”

“तेच तर कळत नाही!” तो ताडकन उठला आणि त्या एवढ्याशा खोलीत येरझाऱ्या घालू लागला. “एलिया पारधे असणार. आईच्या दुखण्यात निरोपावर निरोप धाडले त्यानं. मी गेलो, पण... म्हातारी गेल्यावर.”

“आणखी?”

“नाहीतर शांतवन गुरुजी. पंचांची बैठक बंद केली ना मी. चार माणसांनी बसून पाळकाला जाब विचारायचा, हे मला काही...”

“आणखी?”

“मार्थाकाकू! भर उपासनेत त्यांचं भजन थांबवलं होतं मी. ताल चुकत होता म्हणून.” तो जरा घुटमळला. “म्हणजे तसा चुकत नव्हता. लांबत होतं.”

बाईंचं बोळकं हसलं. “लांबतंच तिचं. आणखी?”

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्या तारेवर कुणाची तरी ओढणी वाळत होती.

“करुणा,” शेवटी म्हणाला. “मुलांची रविवारची शाळा घ्यायची ती. लोक तिच्याविषयी काहीबाही बोलत होते. मी तिला शाळा सोडायला सांगितली. प्रभुभोजनालाही बसू नको म्हटलं.”

“तिला विचारलंस, खरं काय ते?”

“...नाही.”

शेंगा मोडायचा आवाज थांबला होता.

“पण ती नसणारच,” तो घाईघाईनं म्हणाला. “ती तेव्हापासून चर्चला आलेलीच नाही. पायरीपर्यंतसुद्धा...”

तो खिडकीपासून वळला.

बाईंनी ताटली बाजूला सारली. उजवा हात पदराला पुसला आणि त्याच्यापुढं धरला. सुरकुतलेला, बोटं वाकलेला हात.

“ती आलीच नाही, मग फिरवणार कशी?” त्या म्हणाल्या. “हा हात होता.”

“तुम्ही...?”

“वाकताना कंबर धरली माझी.”

नथनिएल हळूच म्हणाला, “करुणाचं घर... चिंचेच्या पलीकडं ना?”

“हो. आत्ता असेल घरी.”

तो दाराकडं वळला.

“आणि परवा मी उठून काय म्हणू?” बाईंनी विचारलं.

“काही नको, बाई.”

पिशवी सतरंजीवरच राहिली होती. त्याचे अनवाणी पाय अंगणातल्या तापल्या फरशीवर पडले, तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. दोन पावलं गेला आणि माघारी वळला. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं.

“माझा कान धरायचा हक्क होता तुम्हाला. मग तोंडावर का नाही सांगितलंत?”

बाईंनी ताटली पुन्हा पुढ्यात ओढली.

“तोंडावर सांगितलं असतं, तर तू मला उत्तर दिलं असतंस.”