द्वारकाचं पोट आणि कोंडाजीचं डोकं

एका गावात एक भोळा गाडीवान होता, कोंडाजी. कुणी काही सांगितलं की अगदी तस्संच करायचा. घोळ तिथंच व्हायचा.

त्याची बायको द्वारका पांढरीफटक पडली होती. जीभ सोललेली, पायांना मुंग्या, जीव सदा दमलेला. सासूबाईंनी निरोप धाडला, "नागपंचमीला येते. पोरगी बरी दिसली नाही तर माहेरी घेऊन जाईन." कोंडाजीला रडूच फुटलं. द्वारकावर त्याचा भारी जीव.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटात दुर्बीण घालून बघायला हवं. उद्या उपाशीपोटी या."

कोंडाजीने द्वारकाला उपाशी ठेवलं. स्वतः उपाशी राहिला. बैलांनाही काडी टाकली नाही. बैल अर्ध्या वाटेत बसले ते उठेचनात. द्वारकाला गाडीतच बसवून कोंडाजी एकटाच चालत दवाखान्यात पोचला.

बाई म्हणाल्या, "अहो, बैल कशाला उपाशी ठेवलेत? ज्याला कष्ट पडणार त्याला आधी पोटभर घालावं!"

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

मग दुसऱ्या खेपेला त्याने विचार केला, दुर्बिणीची नळी गिळायचे कष्ट कुणाला? द्वारकाला! तिला बळेबळे ताटभर शिरा चारला आणि गाडीत बसवलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "दुर्बिणीतून मी काय शिरा बघू?"

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या खेपेला एकदाची तपासणी झाली. बाई म्हणाल्या, "शरीराचे राखणदारच बिथरलेत. चोर सोडून घरच्या पोटालाच झोडपतायत. आतलं अस्तर सुजून झिजलंय. म्हणून बी-बारा जीवनसत्त्व खाऊन अंगी लागत नाही. आणि खाऊन अंगी लागत नाही ते सुईने द्यायचं. जन्मभर, खंड न पाडता."

सुया सुरू झाल्या. पंचमीला द्वारकाचा झोका सगळ्यांत उंच! सासूबाई खूश झाल्या. "राहू दे हो तिला इथंच."

कोंडाजी हरखला. पुरणाचे दिंड वाढतोय, आग्रह करतोय, वरून तुपाची धार धरतोय.

"पुरे हो जावईबापू! मेलं कितीही खाल्लं तरी माझ्या अंगीच लागत नाही."

कोंडाजीचा हात थबकला. गोठ्यात जाऊन तो पोती शिवायचा दाभण घेऊन आला.

"मामी, जरा कुशीवर वळा."

सासूबाई ताटावरून उठल्या त्या थेट वेशीकडे पळाल्या. मागे एका हातात दाभण अन् दुसऱ्या हातात दिंड घेऊन कोंडाजी ओरडत होता, "मामी, पळू नका! आज पहिलंच आहे, अजून जन्मभर घ्यायचंय!"