सशीणबाईचं बीळ

फार पूर्वी करवंदीच्या जाळीत एक सशीण होती. तिच्या बिळात घुशीनं भाड्यानं धान्याचं दुकान थाटलं होतं. सशिणीचे दिवस भरत आले, तशी ती म्हणाली, "घूसबाई, बीळ रिकामं करा. माझी पिल्लं यायचीत."

घूस हसली. "सगळे मालक असंच म्हणतात! उद्या जास्त भाडं घेऊन मुंगसाला ठेवाल."

सशीण हलली नाही. दारातच बसून तिनं पोटाची मऊ लव उपटली आणि पिल्लांसाठी उंबऱ्याशी अंथरली. "भाडेकरूसाठी कुणी अंगाचे केस उपटतं का हो?"

घूस दुकान आवरायला लागली. तिनं गोणी उचलली. दुसरी घ्यायला सशीण वाकली, तशी घूस ओरडली, "अहो, या दिवसांत ओझं नका उचलू!"

बोरीखाली नवं दुकान लागलं. बाळंतिणीचे अळीव तिथूनच आले. सशिणीला लाभला तसा निवारा सगळ्यांना लाभो.