धुकं आणि पाल्हाळ

दिवस मोजायची कुणाला सवय नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका सकाळी घाटाची शेवटची पायरी पाण्याबाहेर दिसली.

एवढंच झालं होतं. पायरीवरचं शेवाळ अजून ओलं होतं, पण नदी तिच्याखाली हातभर मागे सरली होती. कळशी भरायला आलेली मुलगी दचकली. तसं तिला दचकायला फार काही लागत नसे. वाळकं पान पडलं तरी ती मागे वळून बघे. पण आज ती बघत राहिली आणि पाणी आणखी मागे गेलं, मुकाट, पाय न वाजवता.

नदी अशी मागे सरली, की वर डोंगरात दरड कोसळून पाणी अडलं आहे, हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. आणि अडलेलं पाणी सुटतं तेव्हा एकदमच सुटतं.

गाव होतं उंचावर. पण नदीच्या मधोमध एक सखल बेट होतं आणि त्यावर गावाचे दुधी-पडवळांचे मांडव होते. उजाडता उजाडता माणसं होडीतून तिकडे जात आणि मांडवाखाली शिरली की त्यांना नदी दिसत नसे. तिची आत्याही तिथेच होती. मुलीने आईबाप पाहिले नव्हते. जगात तिला होती ती एवढी आत्या.

नदीवर धुकं होतं, आणि ते साधं धुकं नव्हतं. त्याला शब्द खायची सवय होती. हाक मारली की पहिला शब्द तेवढा पलीकडे जाई, मागचे सगळे वाटेतच विरघळत. म्हणून गावातली माणसं धुक्यात एकेकच शब्द टाकत. ‘भाकरी’ म्हटलं की बेटावरची माणसं हात धुवायला लागत.

पण या मुलीचा पहिला शब्द ठरलेला होता. दूध उतू चाललंय, हे सांगायचं असलं तरी ती म्हणे, “म्हणजे कसंय आत्या, तू रागावू नकोस, मी आपली चुलीपाशीच बसले होते, पण ते मांजर आलं ना...” मांजराचं सांगून होईपर्यंत दूध विस्तवात. गाव तिला म्हणजेबाईच म्हणे.

तिने पदर सावरला आणि हाक मारली, “म्हणजे, घाबरू नका हं कुणी, माझं चुकतही असेल, पण...”

बेटावर पोचलं ते एवढंच, ‘म्हणजे’. पलीकडे माणसं हसली. हसण्यात शब्द नसतात, त्यामुळे ते धुक्यातून सबंध आलं. त्यामागून कुणाचा तरी एक शब्द आला, “बसा.”

तिचे कान तापले. तिने पुन्हा हाक मारली, जास्त अदबीने. “अहो, ऐकता का जरा, म्हणजे काम सोडून नव्हे...”

या वेळी ‘अहो’ पोचलं. कुणाचे अहो, ते कुणाला कळेना, आणि ओ कुणीच दिली नाही.

उघड्या पडलेल्या वाळूत एक बगळा उभा होता. तो म्हणाला, “पोरी, किती पाल्हाळ लावशील?”

“पाल्हाळ म्हणजे?”

“वेलाला नुसता पाला फुटतो, सगळा मांडव झाकून टाकतो. माणसं पानं बाजूला सारून सारून दमतात. आत दुधी असतो, पण सापडेपर्यंत जून झालेला असतो. बोलण्यात तसं झालं की ते पाल्हाळ.”

“पण एकदम कसं सांगायचं? माझं खोटं निघालं तर हसतील मला.”

“आत्ता काय करतायत?” बगळ्याने विचारलं आणि तो उडून गेला.

मुलगी कोरड्या पडलेल्या वाळूत उतरली. ‘म्हणजे’ ओठांवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

“पूर.”

हसणं थांबलं. मग होड्या तिथेच सोडून आटलेल्या पात्राच्या चिखलात पावलं पडू लागली, पुष्कळ, घाईची. धुक्यातून एकेक माणूस वर येऊ लागलं. टोपल्या तिकडेच टाकलेल्या, श्वास फुललेले. मघाशी ‘बसा’ म्हणणारा बाप्याही आला आणि तिच्याकडे न बघता पायऱ्या चढून गेला.

आत्या आली नाही.

“अगं, मागेच होती की माझ्या,” शेवटची बाई म्हणाली.

वर डोंगराकडून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. मुलगी वाळूतून दोन पायऱ्या वर चढली आणि तिथेच थांबली. मुलीच्या मनात किती काय दाटून आलं. तुझ्याशिवाय मला कोण आहे, मी आधीच नीट सांगायला हवं होतं, सांडलेल्या सगळ्या दुधाबद्दल माफ कर. पानंच पानं. तिने सगळी बाजूला सारली.

“आत्या.”

धुकं हललं नाही.

“आत्या.”

घुमणं जवळ आलं. आणि तेवढ्यात अगदी पायाशी, त्या शेवटच्या पायरीवरून, दम लागलेला आवाज आला, “आले गं. हात दे.”

ऐकणाऱ्यांनो, बोध एवढाच: जे सांगायचं ते आधी सांगावं, पाल्हाळ मागून आलं तरी चालतं.