राजीखुशीचा कडबा

“मग यात पाप कुठं आहे, बाबा?” सुभानरावानं विचारलं.

गुलाबशा फकीर नदीवरच्या धुक्याकडं बघत राहिला.

पौषातली सकाळ होती. त्याच्या झोपडीवजा तकियापुढचं करंजाचं झाड असून नसल्यासारखं दिसत होतं. कुठंतरी जातं फिरत होतं... की नदीच घरघरत होती, कळत नव्हतं.

सुभानराव फौजेतला मानाचा माणूस. घोड्यांसाठी गावोगाव फिरून दाणावैरण गोळा करणारी तुकडी त्याच्या हाताखाली होती. फकिराकडं तो दुवा घ्यायला आला होता.

“लढाई आहे, बाबा. घोडी उपाशी ठेवून कशी चालेल? दुसऱ्या फौजा गावं ओरबाडतात. माझ्या तुकडीला मी कायदा घालून दिलाय. बियाण्याला हात लावायचा नाही. बाईमाणूस एकटं असेल तर उंबऱ्याबाहेर थांबायचं. आणि धनी राजीखुशीनं ‘न्या’ म्हणाल्याशिवाय कडब्याची पेंढीसुद्धा उचलायची नाही.”

“मग? म्हणतात ‘न्या’?”

“सगळे म्हणतात!” सुभानरावाची छाती फुलली. “आजवर एकानंही ‘नाही’ म्हटलेलं नाही.”

फकीर हसला. मग हसू विरलं, धुक्यासारखंच.

“आज कुठलं गाव?”

“हेच. धुकं ओसरलं की माणसं शिरतील.”

“तलवार इथं ठेव. पागोटंही. जोडेही.” फकीर म्हणाला. “आणि एका घरी मागून ये.”

“मी... मागू?”

फकिरानं डोळे मिटून घेतले होते.

सुभानराव अनवाणी निघाला. दव थंडगार होतं. धुक्यातून भिंती उगवत आणि मागं पडत. चालणारा आपण की गाव, असं त्याला वाटू लागलं.

एका दारात म्हातारी तांदूळ पाखडत होती. पलीकडं गोठ्यात म्हैस, आणि भिंतीला टेकून कडब्याची लहानशी गंजी.

“आई, घोडी उपाशी आहेत. थोडा कडबा मिळेल?”

म्हातारीनं मान वर केली. डोकं उघडं, पाय चिखलानं माखलेले... असेल कुणी वाटसरू.

“न्हाई रं बाबा,” ती म्हणाली. “म्हस गाभण हाय. तिलाच पुरंना.”

नाही.

सुभानरावाचा हात नकळत कमरेकडं गेला. तिथं काही नव्हतं. तो तसाच उभा राहिला. राग येतोय की गंमत वाटतेय, हेच त्याला समजेना.

म्हातारी त्याच्याकडं बघत होती.

“तोंड का असं सुकलंय तुझं? थांब.”

तिनं आतून वाडगाभर आंबील आणली. कोमट, ताकाच्या वासाची. दोन घोट पोटात गेले आणि त्याला आपली आई आठवली. ती जाऊन किती वर्षं झाली, ते मात्र आठवेना.

धुकं विरळ होत होतं, तेवढ्यात त्यातून घोडं खिंकाळलं.

म्हातारीच्या हातातलं सूप खाली पडलं. तिनं सुभानरावाच्या दंडाला धरलं, वाडग्यासकट आत ओढलं आणि अडसर घातला.

“बोलू नगस,” ती कुजबुजली. “फौज आलीया. तुला बघितलं तर धरून न्हेतील लेकरा, वझी वाहायला.”

“मारतात का, आई?”

“मारत न्हाईत.” तिनं अडसर पुन्हा चाचपला. “इचारत्यात.”

दारावर थाप पडली. सौम्य, अदबीची थाप. बाहेर त्याचाच हवालदार होता, रखमाजी.

“आई, फौजेला कडबा पाहिजे. जबरदस्ती नाही हं. राजीखुशीनं द्याल ना?”

अंधारात म्हातारीनं पदर तोंडाशी नेला. डोळे पुसले. मग दाराआडून गोड आवाजात म्हणाली, “न्या की बाबा, न्या! तुमचंच हाय समदं. खुशीनं न्या.”

सुभानरावानं आजवर हा आवाज किती दारांतून ऐकला होता... पण दाराच्या या बाजूनं कधीच नाही.

बाहेर पेंढ्या उचलल्याची सळसळ झाली. त्यानं अडसर काढला.

रखमाजी दचकला. त्यानं लवून मुजरा केला. “सरकार... तुम्ही?”

“पेंढ्या खाली ठेव. सगळ्यांना गावाबाहेर काढ. नदीपल्याड रानगवत आहे, ते कापा.”

“दिवस मोडेल, सरकार. आणि घोडी...”

“मोडू दे. मीही येतो कापायला.”

घोडी वळली. सुभानराव मागं फिरला. म्हातारी भिंतीला चिकटून उभी होती. मघाशी दंडाला धरणारा तो हात आता जोडलेला होता. तिनं एकदाही वर बघितलं नाही.

“आई...”

“चुकलं, सरकार,” ती म्हणाली. “मगाशी म्या न्हाई म्हनलं... वळखलं न्हाई जी.”

त्यानं उंबऱ्याबाहेर पाय टाकताच तिनं दार लावून घेतलं.

तकियावर ऊन आलं होतं. करंजाची पानं ठिबकत होती. सुभानराव फकिरासमोर बसला. त्यानं तलवारीकडं बघितलंसुद्धा नाही.

“ती मला ‘नाही’ म्हणाली, बाबा. आणि फौजेला ‘खुशीनं न्या’ म्हणाली. कडबा मी सोडला. आता तरी तिची भीती जायला हवी होती ना?”

खाली नदी वाहत होती.

फकिरानं त्याच्या हाताकडं बोट केलं. आंबिलीचा वाडगा अजून हातातच होता, तळाशी थोडी आंबील राहिलेला.

“परत द्यायला जा,” गुलाबशा म्हणाला. “दार उघडलं, तर मला येऊन सांग.”