चौऱ्याऐंशी पानांची पोथी

राजा विजयकेतूने नगरातल्या लोकांसाठी पोथीशाळा उघडली आणि आठ दिवसांत लोकांनी तिथे येणंच सोडून दिलं!

पोथ्या काही कमी नव्हत्या. चांगल्या सहाशे होत्या. पण राजाला रंगांची भारी हौस. त्याने प्रत्येक पोथी रेशमी रुमालात बांधून घेतली आणि कपाटांत रंगाप्रमाणे लावली. पहिल्या कपाटात सगळे लाल रुमाल, दुसऱ्यात केशरी, मग पिवळे, मग हिरवे. दारातून बघितलं की डोळे निवायचे. आत शिरलं की डोकं फिरायचं. म्हशीच्या औषधाची पोथी शोधायला आलेला एक गवळी संध्याकाळपर्यंत रुमाल सोडत बसला आणि शेवटी तबल्याची पोथी घेऊन घरी गेला!

"लोक येत नसतील तर पोथीशाळा बंद!" वर्षभर वाट पाहून राजा म्हणाला. "इथे मी मोर पाळीन. तेही रंगीत असतात, आणि वर काही मागत नाहीत."

हे ऐकून पोथीशाळा सांभाळणारे म्हातारे नारोपंत मटकन खाली बसले. रुमालांच्या घड्या घालणारी भागू मात्र उठून उभी राहिली. भागू परटाची मुलगी. पोथ्यांचे रुमाल धुऊन आणायचं काम तिचं. पंतांनी तिला वाचायला शिकवलं होतं आणि तिच्या चाळीस पोथ्या वाचून झाल्या होत्या. अजून पाचशे साठ उरल्या होत्या. त्यांच्या जागी मोर आलेले तिला मुळीच चालणार नव्हते.

"महाराज, पोथी सापडली तर लोक येतील. मला एक महिना द्या. मागाल ती पोथी काढून देईन."

"कशी? जागा बदलून? माझे रंग मोडायचे नाहीत हं!"

"मग रुमालावर खूण करू? आमच्याकडे साऱ्या पेठेची धोतरं येतात, सगळी पांढरीच! कोपऱ्यात बिब्ब्याचा ठिपका देतो, म्हणून ज्याचं त्याला परत जातं."

"माझ्या रेशमाला बिब्बा!" राजा किंचाळला. "खबरदार! रुमालावर ठिपका नको, कपाटावर अक्षर नको. आणि महिनाभर एकही पोथी या दाराबाहेर जाणार नाही. महिन्याने मी स्वतः मागीन. एक जरी सापडली नाही, तर मोर आलेच समज!"

"कागदाच्या चिठ्ठ्या केल्या तर चालतील?"

"चिठ्ठ्या कर, नाहीतर पतंग कर!"

भागूने आणि पंतांनी महिनाभर एकेक रुमाल सोडला, पोथी चाळली आणि जिथल्या तिथे ठेवली. प्रत्येक पोथीच्या तीन चिठ्ठ्या केल्या. एक पोथीच्या नावाची, दुसरी लिहिणाऱ्याच्या नावाची, तिसरी आत काय आहे त्याची. प्रत्येक चिठ्ठीवर जागा लिहिली, म्हणजे दारापासून कितवं कपाट, वरून कितवा खण, डावीकडून कितवी पोथी. मग सगळ्या चिठ्ठ्या अक्षरांच्या क्रमाने लावून तीन पेट्यांत भरल्या. इकडे दारावरचा पहारेकरी रोज येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घ्यायचा. पंतांचं उपरणंसुद्धा झटकून बघायचा!

महिना संपला. राजा दरबाऱ्यांना घेऊन आला.

"'रत्नपारख' काढ!"

भागूने चिठ्ठी पाहिली, कपाट गाठलं, मोजलं. राजा लोडाला नीट टेकतो न टेकतो तोच पोथी समोर!

"सदोबा ज्योतिषाची पोथी!"

"त्यांच्या दोन आहेत, महाराज. ग्रहणाची देऊ की पावसाची?"

राजाने मिशी कुरवाळली. "बरं. आमचे आजोबा एक पोथी वाचून दाखवायचे. नाव आठवत नाही. लिहिणाराही आठवत नाही. एक हत्ती होता आणि... त्याचा दात दुखत होता."

दरबारी हसू दाबायला लागले. भागूने तिसरी पेटी उघडली. "ह... हत्ती. हत्ती लढाईतले, हत्ती रानातले, हत्ती दातदुखीचे. घ्या!"

राजाने पोथी उघडली आणि वाचतच बसला. प्रधान खाकरला तेव्हा कुठे त्याला आठवलं, की आपल्याला जिंकायचं आहे!

"आता शेवटची," तो गालात हसला. "नाव 'कबुतरांची निगा'. लिहिणारा जानोजी शिकलगार. चौऱ्याऐंशी पानं. काढ!"

चिठ्ठी लगेच सापडली. पाचवं कपाट, तिसरा खण, डावीकडून अकरावी. भागूने मोजलं. अकराव्या जागी काहीच नव्हतं!

"हरलीस!" राजाने टाळी वाजवली. "प्रधानजी, मोर मागवा!"

पंतांनी डोळे मिटून घेतले. भागू मात्र त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि मग वळून म्हणाली, "महाराज, पोथी सापडली. ती तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडे? कशावरून गं?"

"आमच्या चिठ्ठ्यांवर पानांचा आकडा नाही. पंतांनी मोजली नाहीत, मी मोजली नाहीत. चौऱ्याऐंशी पानं कोणाला माहीत असणार? ज्याच्या हातात पोथी आहे त्यालाच! आणि या दारातून झडती न देता एकच माणूस बाहेर जातो. तो काल संध्याकाळी रंग बघायला आला होता, भर उन्हाळ्यात शाल पांघरून!"

राजाने प्रधानाकडे पाहिलं, प्रधानाने छताकडे. मग राजाचं पोट हलायला लागलं आणि तो असा खो खो हसला, की डोक्यावरचा मंदिल कानावर आला!

"उशीखाली आहे!" तो डोळे पुसत म्हणाला. "मुली, पोथीशाळा चालूच राहील. आजपासून पंतांच्या जोडीने तूही पोथीपाल. पगार पंतांइतकाच. आणि ते रंग मोड, हव्या तशा लाव पोथ्या! आणखी काय हवं?"

भागूने एक कोरी चिठ्ठी पुढे केली. "इथे नाव लिहा, महाराज. पोथी घरी नेली की पंधरा दिवसांत परत आणायची."

"राजानेही?"

"तुम्हाला झडती माफ आहे, महाराज. मुदत माफ नाही!"

राजाने हसत हसत दौत मागवली.